झेंडा माझ्या हातात होता

चेंडू आत होता. हे सांगायला त्या दुपारी मला तोंडसुद्धा उघडावे लागले नसते. फक्त धावायचे होते. फुटबॉलमध्ये कडेच्या रेषेवर झेंडा घेऊन उभ्या असलेल्या सहायक पंचाची एक रीत असते. चेंडू गोलरेषा पूर्ण ओलांडून पुन्हा बाहेर उसळला, तर त्याने आधी झेंडा उंचावायचा आणि मग कडेकडेने मध्यरेषेकडे धावत सुटायचे. तो धावला म्हणजे गोल. तो जागीच राहिला म्हणजे गोल नाही. ही रीत त्या दिवशीच्या मुख्य पंचाला मीच शिकवली होती.

ती शाळेत माझी विद्यार्थिनी होती. मी पनवेलच्या एका शाळेत व्यायामशिक्षक. सुट्टीच्या दिवशी पंचगिरी करणारा. ती एकोणीस वर्षांची असताना माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, मला खेळायचं नाही. शिट्टी वाजवायची आहे." मी हसलो होतो, हेही इथे नोंदवले पाहिजे. पुढे दहा-अकरा वर्षे ती नोकरी सांभाळून शिट्टी वाजवत राहिली. आपटा गावच्या मैदानावर कपडे बदलायला आडोसा नसे, म्हणून पंचाच्या गणवेशावर पंजाबी ड्रेस चढवून ती स्कूटरवर येई आणि चिंचेखाली तो काढून, घडी घालून डिकीत ठेवी. "ओ मॅडम, घरी भात करपला!" अशी कुणी हाळी घातली, तर न वळता म्हणे, "भात सकाळीच झाला. तुम्ही दहा यार्ड मागे व्हा."

करंजाडे गावातला तो अंतिम सामना. ज्यांच्या जागेवर मैदान होते, त्यांचाच संघ एका बाजूला. ती मुख्य पंच, मी तिच्या हाताखाली रेषेवर. शेवटची काही मिनिटे उरली असताना पाहुण्या संघाचा फटका आडव्या दांड्याला लागला, चेंडू रेषेच्या हातभर आत आपटला आणि बाहेर उसळला. मी बरोबर रेषेच्या समोर होतो. माझ्याइतके स्पष्ट कुणालाही दिसणे शक्य नव्हते.

पाठीमागच्या गावकऱ्यांतून आवाज आला, "मास्तर, हाय तिथंच उभं रावा. आमी ओळखतो तुमाला."

मी मागे वळलो नाही. झेंडाही उचलला नाही. तिने माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे पाहिले. एक क्षण गेला आणि तिने शिट्टी फुंकून मध्यबिंदूकडे हात केला. गोल.

मैदानात माणसे घुसली. "लाइनमननं दिला नाय, तर ही कोण देणार?" त्यांनी मला विचारले. मी म्हणालो, "मला नीट दिसलं नाही."

भीती वाटली, असे मी नंतर अनेकांना सांगितले. ते खोटे नव्हते, पण पुरतेही नव्हते. माझ्या शिकवणीतली मुलगी मैदानाच्या मध्यभागी होती आणि मी पन्नाशी उलटल्यावर कडेला झेंडा धरून उभा होतो. ती चुकावी, असे माझ्यातल्या कुणाला तरी वाटत होते. तो माणूस मला फार उशिरा भेटला. पण तो मीच होतो.

यजमान संघाने जिल्हा फुटबॉल संघटनेच्या समितीकडे तक्रार केली. राज्य पातळीच्या पंच-परीक्षेसाठी तिचे नाव जायचे होते, ते अडले. समितीने तिला सुचवले की, निर्णय घाईत झाला अशी एक ओळ लिहून द्या, प्रकरण मिटेल. खोलीत मीही होतो. ती बसलीसुद्धा नाही.

"गोल झाला होता," ती म्हणाली. "तो मी कागदावर रद्द करणार नाही. परीक्षा राहिली तर राहू दे. पुढच्या रविवारी सामना दिलात, तर मी शिट्टी घेऊन येईन. नाही दिलात, तर प्रेक्षकांत उभी राहीन. पण लिहिणार नाही."

"मॅडम, एवढा ताठा बरा नव्हे," एक सदस्य म्हणाले.

"ताठा नाही, साहेब. मला दिसलं होतं."

एवढे म्हणून तिने माझ्याकडे पाहिले. मैदानावर पाहिले होते तसेच. मी उभा राहिलो आणि सांगितले की, चेंडू आत होता, मला स्वच्छ दिसले होते आणि मी खोटे बोललो. माझा आवाज मुळात लहान, एका सदस्यांनी "काय म्हणालात?" असे विचारले. मी ते पुन्हा सांगितले. दुसऱ्यांदा सांगणे अधिक अवघड गेले.

तिचे नाव पुढे गेले. ती परीक्षा उत्तीर्ण झाली. मला एका हंगामासाठी पंचांच्या यादीतून वगळले, ते योग्यच होते. हंगाम संपल्यावर मी तिला म्हणालो, तुझ्या सामन्याला रेषेवर उभा राहीन म्हणतो.

तिने थोडा विचार केला. "सर, मी तुम्हाला माफ केलंय. पण झेंडा देणार नाही."

मला तिचा अभिमान वाटला. इतका निःसंदिग्ध निर्णय मी स्वतः कधी दिला नव्हता.

आता मी तिचे सामने प्रेक्षकांत उभा राहून पाहतो. गेल्या महिन्यात करंजाड्यालाच ती पंच होती. मागून एक जण ओरडला, "हिनंच त्या वेळी फुकटचा गोल दिलेला!"

या वेळी मी वळलो. "गोल होता," मी म्हणालो. "त्या दिवशी झेंडा माझ्या हातात होता. मीच उचलला नाही."

शेजारी त्याच गावातले एक म्हातारे गृहस्थ उभे होते. ते हळूच म्हणाले, "आमी पण बगितलेला, मास्तर. आतच व्हता. तुमी धावाल म्हणून वाट बगत रायलो."

"मग आता बोला," मी म्हणालो. "जरा मोठ्यानं."