चौदा एसींचा अडुळसा

आमच्या बिल्डिंगमध्ये दहा वर्षं कुणाची मोठ्यानं खोकायची हिंमत झाली नाही. हे मी फुगवून सांगत नाही. अबुधाबीतली ती पाच मजली जुनी इमारत, खिडकीखिडकीत ट्रकसारखा घरघरणारा एसी, खाली किराण्याचं दुकान, समोर रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न. एवढ्या गलक्यात दुसऱ्या मजल्यावर कुणी नुसता घसा खाकरला, तरी एसीवाल्या काकांना ऐकू जायचं. पाचव्या मिनिटाला बेल वाजे. दारात काका उभे. निळा कव्हरऑल, छातीच्या खिशात टेस्टर, स्क्रू-ड्रायव्हर आणि त्यांच्याच रांगेत एक स्टीलचा चमचा, हातात काळपट पाकाची बाटली. "कोन खोकलं?" हे ते अशा थाटात विचारत, की घरातली माणसं एकमेकांची नावं सांगून मोकळी होत. गुन्हेगार सापडला की दोन चमचे त्याच्या तोंडात, "वर पानी नाय प्यायचं" एवढा हुकूम, आणि काका जिना उतरायला लागत. चौथ्या मजल्यावरचे बँकेतले साहेब एकदा सुपारीच्या ठसक्यानं खोकले होते. तसं त्यांनी परोपरीनं सांगितलं. काका म्हणाले, "ठसक्यालापन चालतं," आणि चमचा भरला.

काका मूळचे लांजा तालुक्यातले, सातवी पास. आमच्या इमारतीच्या मालकाकडं एसी मेकॅनिक. बायको आणि दोन मुलं गावी, कारण फॅमिली व्हिसाला लागतो तेवढा पगार त्यांचा कधी झालाच नाही. तळमजल्याच्या दुकानावर, इमारतीच्या मागच्या बाजूला, एक मोकळा स्लॅब होता आणि त्याच्या कडेला मीटर-रूमला चिकटून दहा बाय आठची खोली. ती काकांची. खोलीसमोर कापलेल्या प्लास्टिकच्या पिंपांत अडुळशाची पाच झाडं, कमरेच्या वर गेलेली, गच्च हिरवी. जिथं रस्त्यावरच्या खजुरीलाही नळी लावून जगवावं लागतं, तिथं कोकणातल्या कुंपणावरचा हा गावंढळ अडुळसा असा उभा होता, जणू मीच मालक.

तो तिथं कसा आला, याची काकांची एक कथा होती. गावाहून येताना त्यांनी कपड्यांत हातभर काडी आणली. विमानतळावर कस्टमवाल्यानं ती उचलून विचारलं, हे काय? काकांनी काडीचं टोक तोंडात घातलं, दातांनी चावून त्याचा ब्रश केला, दात घासून दाखवले आणि अरबांच्या दातवणाचं नाव घेऊन म्हणाले, "मिसवाक." अडुळसा किती कडू असतो हे ज्यानं चाखलाय त्यालाच कळेल. "तेवढी कडू चव तोंडात ठेवून हसनं," काका सांगत, "ह्ये माज्या आयुष्यातलं सगळ्यात कठीण काम."

पण त्या झाडांची खरी गंमत पाण्याची होती. मागच्या बाजूच्या चौदा एसींतून उन्हाळ्यात दिवसरात्र पाणी टपकायचं. काकांनी प्रत्येक एसीला पारदर्शक नळी लावून सगळ्या नळ्या भिंतीवरून खाली आणल्या होत्या आणि एका निळ्या पिंपात सोडल्या होत्या. पिंपाच्या तळाच्या तोटीतून अडुळशाला पाणी. वाळवंटात आपण हवा पिळून पाणी काढतो आणि ते गटारात सोडतो, हे त्या माणसाला बघवत नसे. आणि यातून त्यांनी एक कायदाच काढला होता. ज्याच्या एसीचं पाणी, त्याला पाकाची अख्खी बाटली. "उपकार नाय, वहिनी. तुमचा वाटा हाय," असं ते मागच्या बाजूच्या बायकांना सांगत. पुढच्या बाजूच्यांचं पाणी येत नव्हतं म्हणून त्यांना अर्धी बाटली, तीही जरा तोंड वाकडं करून. बँकवाल्या साहेबांच्या बायकोनं केवळ या अपमानापायी मागच्या बाजूचा फ्लॅट मागून घेतला.

पाक शुक्रवारी सकाळी व्हायचा. आदल्या संध्याकाळी पानं खुडून तीन पाण्यांतून धुतलेली असत. ती वाफवायची, पाट्यावर वाटायची, धोतराच्या फडक्यातून रस पिळायचा. मग आलं, ज्येष्ठमध, चार मिरी, दोन लवंगा, आणि खडीसाखरेचा पाक. त्या वासानं मागची पोरं स्लॅबच्या जाळीला येऊन चिकटत आणि "अंकल, इट्स सो बिटर, बट प्लीज वन स्पून" असं काहीतरी विचित्र मागत. काकांना इंग्रजी येत नव्हतं, पण तेवढं त्यांना बरोबर कळायचं. त्यांचे नियमही कडक होते. ताप असेल तर चमचा नाही, सरळ डॉक्टर. तीन दिवसांत खोकला हटला नाही तर डॉक्टर. अंगावर पिणाऱ्या बाळाला थेंबसुद्धा नाही. आणि पोटुशी बाईला तर बाटलीचं झाकणही हुंगू द्यायचं नाही.

मी या सगळ्याला हसत होते. कबूल करते. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. वडिलांची शाळा चौथीत सुटली, आई अंगठा लावायची. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले तेव्हा वडिलांनी माझी मार्कशीट गावच्या पिठाच्या गिरणीतसुद्धा दाखवून आणली. लग्न होऊन इकडं आले आणि पाणी तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला लागले. आता अशी मी, खिशातल्या चमच्यानं औषध घेऊ? लग्नाला सहा-सात महिने झाले असतील, एका संध्याकाळी मी खोकले आणि बेल वाजली. मी दारातच सांगितलं, "काका, मला नको."

काका थबकले. चमचा खिशात परत गेला. चेहरा एकदम मऊ झाला. "बरं बरं," म्हणाले, "नका घेऊ. अजिबात नका घेऊ," आणि पाय न वाजवता उतरून गेले. मला वाटलं, शिक्षणाचा मान राखला.

तासाभरात शेजारच्या वहिनी गुळाची पोळी घेऊन आल्या. पाठोपाठ तिसऱ्या मजल्यावरच्या काकू कैरीचं लोणचं घेऊन. "काय खावंसं वाटतं सांग हं," म्हणाल्या, "लाजू नको." ड्यूटीवरून आलेल्या माझ्या नवऱ्याचं जिन्यात तिघांनी अभिनंदन केलं, आणि तो बिचारा मला विचारायला धापा टाकत वर आला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या इमारतीत बाईनं चमच्याला नाही म्हणायचं एकच कारण होतं! रविवारी साताऱ्याहून सासूबाईंचा फोन. बातमी समुद्र ओलांडून गेली होती. "नाही हो आई, मी बी.एस्सी. आहे म्हणून नाही म्हटलं," हे मी त्यांना किती वेळा सांगितलं, पण त्यांना त्यातलं काही झेपलं नाही. शेवटी मी खाली गेले, सगळ्यांच्या देखत स्लॅबवर उभी राहिले आणि दोन चमचे घेतले. गिळताना डोळ्यांत पाणी आलं. काका म्हणाले, "आता सगळ्यांला कळलं. पुढच्या टायमाला खरंच नको म्हना." त्या दिवसापासून मी त्यांची 'बीएस्सीबाई' झाले. दोन वर्षांनी खरंच नको म्हटलं, तेव्हा त्यांनी बाटली पाठीमागं लपवली आणि अडुळशाच्या पानांना हात लावून नमस्कार केला.

तरी माझी खोड गेली नव्हती. मी म्हटलं, "काका, एसीचं पाणी कॉइलवरून येतं. त्यात तांबं असेल, धूळ असेल. झाडाला घालता, पोरांना पाजता." ते चिडले नाहीत. घासून धुतलेल्या बाटलीत नमुना भरून दिला. "तुमी शिकलाव ना? मग तपासा की. तोंडानं काय बोलताय?" मी लॅबच्या साहेबांची परवानगी काढून तपासलं. पाणी नळाच्या पाण्यापेक्षा मऊ निघालं, क्षार जवळजवळ नाहीत, तांबं नावापुरतं. तसं मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "कागदावर द्या. सही करून." मी दिलं. त्यांनी तो कागद प्लास्टिकमध्ये घालून खोलीच्या दारावर लावला. सातवी पास माणसाच्या दारावर माझी बी.एस्सी. लटकत होती. खरं सांगते, पदवीदानाच्या दिवशीसुद्धा मला एवढा अभिमान वाटला नव्हता.

आणि तोच कागद कामाला आला. मालकानं एक नवा मॅनेजर ठेवला. टाय, ब्रीफकेस, आणि स्वच्छतेचं वेड. जुलैच्या एका दुपारी तो स्लॅबवर आला, नाक मुरडलं आणि म्हणाला, "ये जंगल निकालो. एक हफ्ता." त्या संध्याकाळी ते झाडांजवळ उकिडवे बसलेले मी खिडकीतून पाहिले. या माणसाची पोरं तिकडं त्याच्यावाचून मोठी झाली होती. वर्षाला एक महिना सोडला तर त्यांच्या खोकल्याला त्याचा हात कधी पोचला नव्हता. इथं त्याला हाताशी घर होतं ते एवढंच, पाच पिंपं आणि अख्ख्या इमारतीचे घसे. ते काढून घेतलं तर उरत काय होतं? एक एसी मेकॅनिक आणि दहा बाय आठची खोली.

आठवड्यानं मॅनेजर दोन कामगार घेऊन हजर. काका कव्हरऑल घालून, भांग पाडून उभे होते. खिडक्याखिडक्यांतून आम्ही सगळ्या.

"साब, झाड निकालेगा तो पाइप भी निकालेगा," काका म्हणाले. "चौदा एसी का पानी. किधर छोडेगा?"

"नीचे छोडो."

"नीचे पब्लिक का रस्ता. टपकेगा तो बलदिया का फाइन. किसके नाम पे, साब? आपके?"

नगरपालिकेचं नाव निघताच मॅनेजरनं टाय सैल केला. "तो ड्रेन लगाओ, यार!"

"लगाता ना. आज चालू करता. चौदा एसी खलास, तीन दिन बंद." काकांनी वर खिडक्यांकडं बोट केलं. "जुलै महिना है. इन लोगों को आप बोलो."

मॅनेजरनं वर पाहिलं. खिडक्यांतून सगळ्यांनी खाली पाहिलं. मी तेवढ्यात जिना उतरून आले होते, कडेवर दीड वर्षाची मुलगी. दारावरचा कागद काढून मी त्याच्यापुढं धरला. "पानी मैंने टेस्ट किया है," मी म्हटलं, "मैं केमिस्ट हूँ. गंदगी नहीं है ये. यह आपका ड्रेनेज है, और मुफ्त का है." कधी नव्हे ते माझी लेक त्याच क्षणी खोकली. काकांचा हात सवयीनं खिशाकडं गेला. मॅनेजर त्या चमच्याकडं बघत राहिला, मग कामगारांना म्हणाला, "यल्ला, चलो." तो निघताना काकांनी त्याच्या हातात बाटली दिली. अर्धीच. त्याचा फ्लॅट पुढच्या बाजूला होता.

हसायचं त्यांनी खुशाल हसावं. अजूनही पार्टीत कुणी नाक उडवून 'गावठी औषधं' म्हटलं की मी हातातली ताटली खाली ठेवते. त्या पाकानं किती खोकले गेले आणि किती आपोआप गेले, हे मला सांगता येणार नाही. ते मोजायची पट्टी माझ्या लॅबमध्ये नव्हती. पण तुमच्या दारात तुमचा खोकला ऐकून कोण येतं, ते मला विचारा.

अडुळसा त्यानंतर पाच वर्षं टिकला. मॅनेजरपुढं तगला, पण बुलडोझरपुढं कुणाचं चालतं? इमारत पाडायचं ठरलं, मंडळी पांगली, काकांचा व्हिसा रद्द झाला. निघायच्या आधी ते आमचा नवा फ्लॅट बघायला आले. बाराव्या मजल्यावर, गुळगुळीत, सेंट्रल एसी. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली काडी. त्यांनी घर पाहिलं नाही, चहा घेतला नाही, सगळ्या खिडक्यांखाली वाकून वाकून पाहिलं.

"पानी कुठं जातं हो हिकडं?"

"माहीत नाही, काका. दिसत नाही कुठं."

"एवढ्या मानसांचं पानी कुठं जातं ह्ये कुनालाच ठाव नाय," ते स्वतःशीच म्हणाले, आणि काडी माझ्या हातात दिली. खिशातला चमचाही.

काडी लागली. बाल्कनीत झाडं ठेवायची नाहीत अशी बिल्डिंगची नोटीस दोनदा आली, दोन्ही वेळा मी सहीनिशी उत्तर पाठवलं, आणि अडुळसा आहे तिथंच आहे. पाक मी करते, पोरगी "ममा, सो बिटर" म्हणत दोन चमचे घेते. बाकी या इमारतीत कुणी कितीही खोकावं. बेल वाजत नाही.

गेल्या आठवड्यात काकांना गावी फोन लावला. आवाज थोडा खोल गेलाय. मी विचारलं, "तिकडं करता की नाही पाक?"

"कुनासाठी?" ते म्हणाले. "हितं कुंपनालाच अडुळसा. गुरंपन तोंड लावत नाय. पोरं कामाला गेली मुंबईला. नातू डॉक्टरची गोड बाटली पितो." मग जरा थांबून, "हितं कोन खोकतच नाय, बीएस्सीबाई."

रिसीव्हर तोंडाशी धरून, माझ्या सगळ्या बी.एस्सी.निशी, मी मोठ्यानं खोकले.

तिकडून लगेच आवाज आला, अगदी पूर्वीचा. "कोन खोकलं?"

"मी, काका."

"दोन चमचे घ्या. आनि वर पानी नाय प्यायचं."