उलत्या बदामाला पाणी

टर्लॉकच्या आमच्या शिवारात खोशाबाइतका हटवादी माणूस नाही. मागं जुन्या देशात, उर्मियाकडच्या गावात त्याच्या बापानं पाटाच्या पाण्यावरून सख्ख्या भावाचं डोकं फोडलेलं. त्या घरात झाड तहानलेलं ठेवणं म्हणजे पाप.

खोशाबाचे गुडघे गेले तशी बदामाची बाग लेकीनं, नहरीननं हातात घेतली. आदल्या साली बुरशीनं फांद्या जाळलेल्या. जुलैत बदामाच्या फळांची हिरवी साल उलायला लागली आणि तिनं पाणी तोडलं.

"बाबा, आता ठिबकला हात लावायचा नाही. साल उलताना झाड पाण्यानं तट्ट असलं की आत काळी बुरशी धरते, तिचं विख फांदीत उतरतं. जरा सुकू दे."

"सुकू दे? तुला काय उपाशी ठेवून वाढवली व्हय गं?"

"यंदा फांद्या गेल्या तर मी मोडेस्टोला नोकरी धरते. मग तू आणि तुझी बाग."

पानं माना टाकायला लागली. खोशाबाला चहा जाईना. रविवारी नहरीन चर्चला निघाली तर ह्याचा गुडघा ठणकायला लागला. ती गेली, आणि कुंपणाआडून मी बघतोय तर हा ठिबकच्या नळाचं चाक फिरवतोय.

"खोशाबा, लेक सोलून काढील."

"तू तुझी द्राक्षं राख. घोटभर तर पाजतोय."

पुढल्या रविवारीही पाजलं. पानं ताठ झाली, तसा गडीही ताठ.

ऑगस्ट लागला आणि हिरव्या झाडांत वाळक्या फांद्या दिसाया लागल्या. नहरीननं एक बदाम फोडला. सालीच्या आत चुलीच्या काजळीगत काळं.

"पाणी कुणी दिलं?"

खोशाबानं माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं.

"मी," तो म्हणाला.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. वाळल्या फांद्यांना ती लाल फिती बांधत गेली, थंडीत कापायच्या म्हणून. "ही गेली. ही पण गेली." ती झाडं त्यानं हातानं लावलेली. तो मागनं लंगडत होता.

"चाकाला कुलूप घाल, पोरी."

"तोडशील."

"तोडीन," खोशाबा म्हणाला. "माझा मलाच भरवसा नाही. तू जाऊ नको. पुढल्या जुलैत मलाच शिकागोला धाड, तुझ्या आत्याकडं."

नहरीन फीत बांधायची थांबली.

"आत्या ठेवून घेईल व्हय? तिच्या कुंड्या बुडवशील."

आणि पुढच्या झाडाकडं गेली.