सिंधुबाईंच्या शंभर पेशी

लातुरात क्लासेसच्या गल्लीत, दोन मेसच्या मधोमध रक्त तपासायची एक लॅब आहे. तिथं मिनिटाभरात पेशी मोजून कागद बाहेर टाकणारं मशीन आहे आणि सिंधुबाई आहेत. मशीनवर त्यांचा राग नाही; विश्वास मात्र बेताचाच. मशीनने शंका काढली की बाई रक्ताचा थेंब काचेवर पसरतात, रंगवतात आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून शंभर पांढऱ्या पेशी स्वतः मोजतात.

ही सवय किल्लारीची. भूकंप झाला तेव्हा त्या बावीस वर्षांच्या, नुकत्याच टेक्निशियन झालेल्या. चौथ्या दिवशी जीपने तंबूतल्या दवाखान्यात पोचल्या. पेशींचा आकडा धरायचं बटणांचं यंत्र वाटेतच मोडलं. मग मदतीत आलेलं धान्य पुढ्यात घेतलं: एका जातीच्या पेशीला ज्वारीचा दाणा, दुसरीला तूर, तिसरीला हरभरा. शंभर दाणे झाले की एक माणूस मोजून झाला.

तिथंच धोंडाबाई भेटली. ढिगाऱ्याखालून काढलेली, हाताची जखम चिघळलेली. पू बघून म्हातारी घाबरली होती. जखम धुणं चालू असताना सिंधुबाईंनी तिला समजावलं, "आजी, जंतू आत शिरले की पांढऱ्या पेशी धावत येतात. जंतूंना गिळतात आणि तिथंच मरतात. हा पू म्हणजे बराचसा त्याच. तुमच्यासाठी लढून मेलेल्या."

धोंडाबाईचं अख्खं घर दगडांखाली गेलं होतं. ती हाताकडे बघत राहिली. "समदी गेली, बाई. आन् माझ्यासाठी अजून कुनी लढून राहिलंय व्हय?"

सिंधुबाईंनी पदराने डोळे पुसले आणि पुढची काच घेतली. पण त्या दिवसापासून या कामाचा त्यांना जो अभिमान वाटला, तो कधी उतरला नाही.

पंचवीस वर्षं गेली. लातुरात शाळांपेक्षा क्लास जास्त झाले आणि गावोगावची हुशार पोरं डॉक्टर व्हायला इथं येऊन पडली. त्यातलीच देगलूरची ऋतुजा. जीवशास्त्रात तीनशे साठपैकी तीनशे चाळीसच्या खाली उतरणं तिला ठाऊक नव्हतं. आठ दिवस ताप, घसा सुजलेला, मानेला गाठी. तिने याच लॅबमध्ये रक्त दिलं आणि सही व्हायच्या आधीच मशीनचा कच्चा रिपोर्ट तिच्या मोबाइलवर आला: पांढऱ्या पेशी एकोणीस हजार, आणि खाली मशीनचा इशारा, असामान्य पेशी. पोरीला तर धडा तोंडपाठ! तिने स्वतःचा रिपोर्ट प्रश्नपत्रिकेसारखा सोडवला, रक्ताचा कॅन्सर हे उत्तर काढलं आणि रडत बापाला फोन केला.

दुपारी तिचा बाप चंद्रप्पा लॅबच्या दारात हजर. होस्टेलमधली ट्रंक जीपमध्ये चढवलेली, पोरगी मागं पांढरीफटक. "ताई, कागद द्या. हैदराबादला नेऊन राहिलो. शिक्षन बास झालं आता."

"अर्धा तास थांबा. मी अजून बघितलं नाही."

"मशीननं बघितलंय की!"

"मशीननं मोजलंय," सिंधुबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

काच रंगवताना त्यांचा हात स्थिर होता. पहिलीच पेशी भली मोठी दिसली. दुसरीही तशीच. क्षणभर त्यांनाही वाटलं, गेली पोर. कॅन्सरच्या पेशी कच्च्या असतात आणि बहुतेक एका साच्यातल्या दिसतात. इथं मात्र एकीचं रूप दुसरीला नव्हतं. कुणी पसरलेली, कुणी शेजारच्या लाल पेशींना चिकटलेली, कुणाची कड गडद निळी. विषाणू ओळखून फुगलेल्या, कामाला लागलेल्या पेशी होत्या त्या. शंभर मोजल्या. खात्रीसाठी आणखी शंभर मोजल्या. मग काच सौदामिनी मॅडमपुढे ठेवली. मॅडम पॅथॉलॉजिस्ट, सहीचा अधिकार त्यांचा. त्यांनी दहा मिनिटं बघितलं, आणखी एक तपासणी केली आणि सांगितलं, "विषाणूचा ताप आहे. कॅन्सर नाही. सिंधुताई, बरोबर ओळखलंत."

चंद्रप्पा बाकावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. ऋतुजाला मात्र पटेना. "पुस्तकात असलं काही न्हाई, ताई."

"पुस्तकात तुझं रक्त कुठून येणार गं?" सिंधुबाई हसल्या. "तुझ्या पेशी बिघडल्या नाहीत. तुझ्यासाठी भांडून राहिल्यात." ट्रंक त्याच संध्याकाळी परत होस्टेलवर गेली.

तीन आठवड्यांनी ऋतुजा पुन्हा रक्त देऊन गेली. ताप गेला होता, गाठी बसल्या होत्या. मशीनने सगळं ठीक असल्याचा कागद दिला. तो हातात घेऊनही पोरगी हलेना.

"क्लास नाही का आज?"

"हाय की. पर मला माझ्या पेशी मोजायच्यात. मी सोता."

ज्या पोरी जेवायलासुद्धा क्लास चुकवत नाहीत, त्यातली ही! सिंधुबाईंचा ऊर भरून आला. त्या उठल्या, आपलं स्टूल तिच्याकडे सरकवलं, काच लावून दिली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मायक्रोस्कोपच्या बाजूला नुसत्या उभ्या राहिल्या.

"शंभर होईपर्यंत मान वर करायची नाही," त्या म्हणाल्या.