पुजलेला हूक

काळूराम घरतच्या डाव्या हाताची दोन बोटं खाडीवरच्या एका खासगी जेट्टीने घेतली आणि बदल्यात स्टीलचा डबा दिला. डब्यावर ‘सुरक्षा सप्ताह’ असं कोरलेलं होतं. बार्जचा ताणलेला रस्सा जेट्टीवरच्या लोखंडी खुंटातून सोडवताना बोटं मध्ये आली, म्हणजे चूक बोटांचीच, असं चौकशीत ठरलं. काळूरामला गेटवर बसवलं आणि खुंटापाशी त्याच्या जागी त्याचा धाकटा भाऊ परेश उभा राहिला. कंपनीला घरतांच्या घराण्याचं भारी कौतुक.

परेशची दहाही बोटं शाबूत होती आणि ती तशीच राहावीत, एवढीच काळूरामची महत्त्वाकांक्षा. सातवी शिकलेल्या माणसाला याहून मोठी परवडत नाही.

गेटवर बसून तो रेतीचे डंपर बघायचा. मागच्या फाळक्यावर टनावारी भार असतो, पण खिट्टीवर एक टोला हाणला की फाळका मुकाट उघडतो. मग रस्सा सोडवायला माणसाचा हात कशाला? वडखळच्या एका वेल्डिंगवाल्याकडे त्याने दोन वर्षांचे रविवार घातले. रस्स्याचा फास अडकवायला कलणारा हूक, हुकाला धरून ठेवणारी खिट्टी, खिट्टीला लांब दांडा. दांडा दाबला की हूक आडवा होतो आणि फास आपोआप निसटतो. पहिला हूक ट्रॅक्टरने ओढून बघताना मोडला. दुसरा टिकला.

“बोटां गेली, आता डोका बी चाललाय,” बायको गोदूबाई म्हणाली.

मॅनेजर कमलेशसाहेबांनी आधी ड्रॉइंग मागितलं, मग सर्टिफिकेट, मग ‘बघू’ म्हणाले. हे बघणं दीड वर्ष चाललं. मग मुख्य कार्यालयातले मोठे अधिकारी पाहणीला येणार, तेही नेमके खंडेनवमीला, असं कळलं आणि साहेबांना हूक एकाएकी दिसू लागला. चार दिवसांत तो जेट्टीवर बसला, पिवळा रंगला आणि बार्जचा रस्साही त्यात अडकला.

खंडेनवमीला हत्यारं पुजायची आणि पुजलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. काळूरामने सकाळी मोठ्या भक्तीने हुकाला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि तो गेटवर परतला. त्याच हुकाला बार्ज बांधलेली आहे आणि ती दुपारी सुटायची आहे, हे आमच्या थोर संशोधकाच्या डोक्यातच आलं नाही. इतरांच्याही नाही, सगळे प्रसाद खात होते.

दुपारी अधिकारी आले आणि ओहोटीही लागली. बार्ज खाली जाऊ लागली, रस्सा करकरू लागला, बार्जवरून ‘सोडा, सोडा’ असा ओरडा सुरू झाला. काळूराम गेट सोडून धावला.

“दांडा दाब!”

“पूजेचा हाय तो, दादूस. तूच पुजलास ना? मी हातान काढतो,” असं म्हणत परेशने फासाखाली बोटं सरकवली.

भावाच्या पूजेचा मान राखायला निघाला होता बिचारा. काळूरामने त्याला खसकन मागे ओढलं आणि पुजलेल्या दांड्यावर लाथ हाणली. चक्क पायाने! हूक कलला, फास सुटला आणि झेंडूच्या हारासकट पाण्यात गेला. काळूराम तिथेच मटकन बसला आणि परेशचे दोन्ही हात धरून सगळ्यांदेखत रडला.

अधिकारी तर भारावूनच गेले. “इतकी अमूल्य वस्तू खाऱ्या हवेत गंजायला ठेवलीत?” त्यांनी कमलेशसाहेबांना झापलं. चौथ्या दिवशी हूक उपटून ऑफिसच्या दारात काचेच्या पेटीत ठेवला गेला. खाली पितळी पाटी आहे, तिच्यावर कमलेशसाहेबांचं नाव आहे. परेश पुन्हा जुन्या खुंटापाशी उभा राहतो.

पाळी संपून माणसं गेटमधून बाहेर पडतात, तेव्हा काळूराम भावाचे आधी हात बघतो, मग तोंड.