माझ्या वाट्याचा सा

व्हायोलिन माझ्या मुलीचं. ती शिकायला नागपूरला गेली आणि ते माळ्यावर गेलं. पुढे दिवाळीच्या सफाईत पेटी खाली आली तेव्हा गजाचे निम्मे केस उंदरांनी नेले होते. आमच्या आरमोरीत व्हायोलिन शिकवणाऱ्या एक बाई आहेत, वयाने माझ्या मुलीएवढ्याच. त्यांच्याकडे कोणी लहान पोर असेल तर त्याला देऊन टाकावं म्हणून मी पेटी घेऊन गेलो.

त्यांनी तारा लावल्या, स्वतःच्या गजाने एकदा वाजवून पाहिलं आणि म्हणाल्या, "वाद्य चांगलं आहे जी काका. देता कशाला? तुमीच शिका."

मी जनावरांचा डॉक्टर. वयाची पन्नाशी उलटलेली, पोट सुटलेलं, बोटं बैलाच्या मानेवर सुई टोचून जाड झालेली. एवढं सगळं दिसत असताना त्या बाईंना माझ्यात काहीतरी वेगळं जाणवलं असणार, अशी माझी समजूत झाली. त्यांच्याकडे त्या वर्षी विद्यार्थी कमी होते, हे मला नंतर कळलं.

त्यांचं घर धानाच्या गिरणीला लागून. संध्याकाळच्या वर्गात आम्ही तिघं होतो. एक एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर भाऊ, एक तिसरीतली मुलगी आणि मी. पहिल्या दिवशी बाईंनी माझ्या हातात नवा गज दिला आणि सांगितलं की गजाला घोड्याच्या शेपटीचे केस असतात. हा माझा प्रांत. मी घोड्याच्या शेपटीवर बोलायला लागलो. केसाची वाढ, शेपटीतली हाडं, घोडा आणि खेचर यांतला फरक. कंडक्टर भाऊ मान डोलवत होते. ती मुलगी बराच वेळ ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "काका, आता वाजवून दाखवा ना."

मी गज तारेवर ठेवला आणि ओढला. गिरणीचा पट्टा कधी कधी घसरतो, तेव्हा जो आवाज येतो तसा आवाज झाला. बाईंनी खरंच एकदा खिडकीतून गिरणीकडे पाहिलं.

आपल्याकडे व्हायोलिन खाली बसून वाजवतात. मांडी घालायची, एक पाय पुढे काढायचा, वाद्याचं डोकं घोट्यावर टेकवायचं आणि दुसरं टोक गळ्याखाली धरायचं. माझ्या बाबतीत या दोन टोकांच्या मधे पोट येत होतं. मुलगी सहज बसायची. मला बसवायला कंडक्टर भाऊंचा हात लागायचा, उठवायला बाईंचाही.

रियाज मी घरी, मागच्या पडवीत सुरू केला. एका संध्याकाळी शेजारच्या आळीतले एक जण घाईघाईने फाटकाशी आले. बायको बाहेर गेली. मला आतून ऐकू येत होतं.

"वहिनी, कोनाची बकरी अडली जी? मघापासून वरडून राह्यली. डॉक्टर साहेब घरी नाईत का?"

"घरीच आहेत," बायको म्हणाली. "तेच वाजवून राह्यले."

त्या दिवसापासून रियाज दवाखान्यात हलला. जनावरांची वेळ संपली की मी मागच्या शेडमधे बसायचो. एकदा तिथे खोड्यात एक खिलारी बैल बांधलेला होता. मी वाजवायला लागलो आणि तो अगदी शांत झाला. डोळे अर्धे मिटले, मान खाली आली. एवढा गुणी श्रोता मला आजवर मिळाला नव्हता. घरी येऊन मी बायकोला सांगितलं, की सूर जनावराला कळतो. दुसऱ्या दिवशी कंपाउंडर म्हणाला, "साहेब, काल तुमी दौऱ्यावरून यायच्या आधी मी त्या बैलाले गुंगीचं इंजेक्शन देऊन ठेवलं होतं. शिंग कापायचं होतं ना."

तरी मी थांबलो नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी बाईंनी जाहीर केलं की समाजमंदिरात सगळ्या वर्गांचा मिळून एक कार्यक्रम करायचा. मी लगेच गावोगाव सांगत सुटलो. जिथे लस टोचायला जाईन तिथे आधी कार्यक्रमाचं निमंत्रण, मग गाईची चौकशी. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या एका गावात एक गोंड म्हातारी होती. तिची गाय मी पूर्वी मरता मरता वाचवली होती. तिने विचारलं, "तुमी तिथं काय करणार?" मी म्हणालो, "वाजवणार." ती म्हणाली, "मंग येतो."

पुढच्या वर्गात बाईंनी भूप रागातली एक साधी गत वाटून दिली. गत मुलगी वाजवणार, मधली सुरावट कंडक्टर भाऊ धरणार.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुमी सा धरा, काका."

"सा धरून मग काय वाजवू?"

"तोच. शेवटपर्यंत."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी बाईंना समजावून पाहिलं की मला रे आणि ग पण येतात, प तर बऱ्यापैकी येतो. बाई नुसत्या हसल्या. परत निघताना ती मुलगी चपला घालता घालता म्हणाली, "काका, तुमचा सा सोपा नाई. आमी तुमाले धरूनच वाजवणार आहो." हे तिला बाईंनी शिकवून ठेवलं असावं असा मला दाट संशय आहे. पण बरं वाटलं. घरी मात्र मी फक्त एवढंच सांगितलं, की मुख्य आधार माझा आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता, त्यात माझेच लोक अधिक. जीपमधून आलेले, बैलबाजारातून परस्पर आलेले. म्हातारी नातवासह पुढच्या सतरंजीवर होती. मी गळाबंद कुडता घातला होता. बसताना त्याचं एक बटण सुटलं आणि बायकोने तिसऱ्या रांगेतून डोक्याला हात लावलेला मला दिसला. मग मी डोळे मिटून घेतले. लोकांना ती तल्लीनता वाटली असेल. मला भीती वाटत होती.

सा सुरू केला. गज एका टोकाला पोचला की आवाज न तोडता उलटा फिरवायचा, एवढंच काम. मी मनाशी "आता वळव, आता वळव" म्हणत होतो. बाकी काही ऐकू येत नव्हतं. मधे कधीतरी हॉल फार शांत झाल्यासारखा वाटला. मी ते माझ्या वाजवण्याचं श्रेय समजलो आणि वाजवत राहिलो. मग मुलीची गत पुन्हा कानावर आली आणि शेवटी टाळ्या झाल्या.

बाई धावत आल्या. "काका, तुमी वाचवलं. ती मधेच विसरली, हे कंडक्टर काका पण थांबले. तुमी सा सोडला असता तर सगळं कोलमडलं असतं. तिला तुमच्या सुरावरून धागा सापडला."

मी हात हलवला, त्यात काय एवढं अशा थाटात. ती मुलगी बाजूलाच उभी होती. बाई गेल्यावर ती हळूच म्हणाली, "काका, तुमाले मालूमच नव्हतं ना, आमी थांबलो ते?"

"नाही," मी म्हणालो.

"मले वाटलंच. तुमचे डोये बंद होते." आणि ती हसत आईकडे पळाली.

बाहेर म्हातारी भेटली. तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला. "डाक्टर, ते लेकरू थांबलं, तो मानूस थांबला. तुमी एकले थांबले नाई. लय मेहनत केली तुमी. हात दुखत असन." माझा खांदा खरोखर ठणकत होता, आणि त्या दिवसभरात हे दुसऱ्या कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मी तिला जीपपर्यंत पोचवायला गेलो.

जूनमधे बाईंनी वर्ग बदलले. ती मुलगी वरच्या वर्गात गेली. कंडक्टर भाऊ मुलाकडे चंद्रपूरला राहायला गेले. मी होतो तिथेच. माझ्या शेजारी आता पहिलीतलं एक पोर बसतं, त्याचा पाय अजून वाद्याच्या डोक्यापर्यंत नीट पोचत नाही. मी त्याला गज कसा धरायचा ते सांगायला लागलो, तर बाई म्हणाल्या, "काका, आपलं मनगट बघा."

वरच्या वर्गाची वेळ आमच्या आधीची. मी हल्ली थोडा लवकर जातो आणि ओट्यावर बसतो. आतून ती मुलगी वाजवत असते. ती कुठे अडखळते ते मला आता ऐकू येतं.