परतीचं पान

मुलांनो,

गेल्या महिन्यात तुमच्यातल्या धाकटीचा फोन आला होता. विमानतळावर तिला अडवलं होतं. तिच्याकडे फक्त जाण्याचं तिकीट होतं, आणि काउंटरवरची बाई विचारत होती, तिथून पुढे कुठे जाणार ते दाखवा. तिनं रांगेत उभ्या उभ्या मोबाइलवर पुढचं कुठलंसं तिकीट काढलं, दाखवलं आणि विमानात जाऊन बसली. हे सांगताना ती हसत होती. मला हसू आलं नाही. "आजी, गप्प का झालीस?" असं तिनं विचारलं, पण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. ही हकिगत ठाऊक असलेलं माझ्याशिवाय आता कुणी उरलं नाही, म्हणून क्रमानं लिहिते.

साठचं दशक संपत आलं होतं. माझं माहेर धुळ्याचं, सासर जळगावचं. तुमचे आजोबा टांझानियातल्या मोशी या गावी शाळेत गणित शिकवायला गेले होते आणि मी जवळजवळ वर्षभर सासरी थांबले होते. बायकोला नेण्याचा परवाना मिळायला इतका वेळ लागला. तो मिळाला, पण त्याची मुदत त्या महिन्याअखेर संपणार होती. तेवढ्यात गेले नाही तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शिवाय गल्लीत कुजबुज सुरू झाली होती. "बी. ए. झालेली सून, पण नवरा काही बोलवत नाही," असं बायका मला ऐकू येईल इतक्या हळू बोलत.

विमान मुंबईहून नैरोबीला जायचं, म्हणजे केनियात. मोशी सीमेपलीकडे. नैरोबीहून तुमचे आजोबा एका मित्राच्या मोटारीनं मला घेऊन जाणार होते. केनियात उतरणाऱ्या माणसाला तिथून बाहेर जाण्याचा पुरावा दाखवावा लागे. माझ्या तिकिटाला दोन पानं होती, एक जाण्याचं आणि एक परतीचं. परतीचं पान हाच माझा पुरावा होता. परतायचं आम्ही ठरवलेलं नव्हतं. ते पान केवळ दाखवण्यापुरतं.

निघण्याआधी ओटी भरून घ्यायला मी धुळ्याला गेले. माझे वडील शाळेत शिक्षक. घरचे सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, आमच्याकडेच राहायची. ती सगळ्यांची अक्का. तिनं तिकीट देवापुढे ठेवलं, त्याला हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. मग पान उलटून विचारलं,

"हाई दुसरं कसानं शे?"

"परतीचं, अक्का."

ती काही बोलली नाही. मला तिथेच शंका यायला हवी होती, कारण अक्का गप्प बसणारी नव्हती.

बुधवारी सकाळी जळगावची एस. टी. पकडायची म्हणून मी कागद एकदा तपासले. पासपोर्ट होता, परवाना होता, तिकीट होतं. पण तिकिटाला एकच पान होतं. मी ट्रंक उपसली. आईनं गाद्या झटकल्या. नाना देवघरात जाऊन आले आणि म्हणाले, "निर्माल्य कुठं गेलं?"

अक्का अंगणात तुळशीला पाणी घालत होती. तिनं तांब्याही खाली ठेवला नाही. "पांझरामा सोडी दिनं," ती म्हणाली. "बठ्ठं. फूलबी, ते पानबी. पुजेल कागद कचरामा टाकतंस का?"

"पण ते पान का काढलं?" मी विचारलं.

"पोर नवराकडे जाई राहिनी नि परतनं तिकीट? एकली परत येतीस का पोरी? लेवाले मुराळी जास."

मुराळी म्हणजे लेकीला सासरहून आणायला माहेराहून जाणारा माणूस. भाऊ जायचा, काका जायचा, कुणी नसलं तर शेजारचा. सासरी गेलेली मुलगी आपली आपण, हातात तिकीट घेऊन परत आली, याचा आमच्याकडे एकच अर्थ होता. अक्का तरुणपणी तशीच परत आली होती. कुणी आणायला गेलं नव्हतं. पुढचं सारं आयुष्य तिनं भावाच्या घरी काढलं. हे मला माहीत होतं, पण त्या सकाळी ते मला सुचलं नाही.

"अक्का, आफ्रिकेत मुराळी धाडू का मी?" नाना ओरडले. "बैलगाडी जुंपू?"

"धाडजो. तुनीच पोर शे ना?"

नाना धोतर खोचून पांझरा नदीवर गेले. मीही मागून गेले. घाटाशी पाणी घोट्याएवढंच होतं. दगडांना अडकलेली फुलं होती, पत्रावळी होत्या, कुणाच्या तरी सत्यनारायणाचे केळीचे खुंट होते. नाना वाकून वाकून एकेक ओला कागद उचलत होते. धुणं धुणाऱ्या एका बाईनं विचारलं, "काय हरवलं, गुरुजी?" नाना म्हणाले, "काही नाही." पान सापडलं नाही.

तिथून आम्ही तारघरात गेलो. मुंबईच्या विमान कंपनीला ट्रंक कॉल लावला. बराच वेळ बाकावर बसून राहिल्यावर तो लागला. पलीकडचा माणूस इंग्रजीत शांतपणे बोलत होता, आणि त्याच्या शांतपणाची मला भीती वाटत होती. तो म्हणाला, जाण्याचं पान आहे, तेव्हा तिकीट चालेल. हरवलेलं पान नवं मिळायला चौकशी होते, तिला आठवडे लागतात. पण केनियाबाहेर जाण्याचा पुरावा नसेल तर आम्ही तुम्हाला विमानात बसवणार नाही. तिकडून परत पाठवलं तर आणण्याची जबाबदारी आमच्यावर येते.

"माझे पती मोटार घेऊन येणार आहेत," मी म्हटलं.

"मोटारीला तिकीट नसतं, मॅडम."

"बसचं तिकीट असेल तर?"

 तो म्हणाला, नैरोबीहून सीमेपलीकडे जाणाऱ्या बसचं तिकीट चालेल. मात्र ते आमच्या नैरोबीच्या ऑफिसनं डोळ्यांनी पाहायला हवं आणि तसा टेलेक्स आम्हाला यायला हवा.

रविवारी विमान होतं. मी तिथेच तुमच्या आजोबांना तार लिहिली: परतीचं पान हरवलं, नैरोबी ते मोशी बसचं तिकीट काढा, विमान कंपनीला दाखवा, मुंबईला टेलेक्स करायला सांगा. नानांनी खांद्यावरून वाचलं आणि म्हणाले, "हरवलं एवढंच लिहिलंस, बरं केलंस. अक्काचं नाव नको."

दुपारच्या बसनं आम्ही जळगावला निघालो. अक्काही आली. कुणी तिला ये म्हटलं नव्हतं. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा नानांनी भजी घेतली. तिनं हात लावला नाही.

सासऱ्यांना आम्ही आबा म्हणत असू. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं, असं वाटलं. ते म्हणाले, "मुंबईहून निरोप आला तर जायचं. नाही आला तर इथून हलायचं नाही. विमानतळावरून माघारी आलेली सून मी या गल्लीत आणणार नाही. तुझ्यासाठीच सांगतो."

टेलिफोन आमच्या घरी नव्हता. समोरच्या मारवाडी शेठजींच्या कापडाच्या दुकानात होता. गुरुवारी मी तिथून मुंबईला विचारलं. काही नाही. शुक्रवारी विचारलं. काही नाही. तार पोचली का, ते गावात आहेत का, नैरोबीला निघाले का, यातलं काहीच कळायला मार्ग नव्हता. लुगडी बघायला आलेल्या बायका माझ्याकडे बघत आणि मग लुगड्यांकडे.

"काय गं, आफ्रिका दुकानातच आहे वाटतं," एकीनं विचारलं.

शेठजींनी कापड टर्रकन फाडलं आणि म्हणाले, "हां बाई, मीटरवर देतो आहोत. किती फाडू?" ती बाई हसली. मीही हसले. 

शनिवारी मुंबईचं ऑफिस दुपारी बंद होणार आणि संध्याकाळी माझी मुंबईची गाडी. सकाळी उठल्याबरोबर कॉल नोंदवला. लग्नसराई होती, दुकान भरलेलं होतं. मी टेलिफोनजवळ स्टुलावर बसले. बाजूला नाना. दाराशी आबा उभे. अक्का बाहेर ओट्यावर, उन्हात. दोनदा घंटा वाजली आणि दोन्ही वेळा ती शेठजींच्या व्यापाऱ्यांची निघाली. ते घाईघाईत भाव सांगून ठेवून देत. तिसऱ्यांदा मुंबई लागली.

मी नाव सांगितलं. "होल्ड ऑन," असं म्हणून तो माणूस उठून गेला. तारेवर नुसती खरखर. ऑपरेटर मध्ये आली, "थ्री मिनिट्स." मी म्हटलं, वाढवा. दुकानातल्या साऱ्या बायका बोलायच्या थांबल्या होत्या. पुन्हा "थ्री मिनिट्स." वाढवा.

मग तो आला. टेलेक्स रात्रीच आला होता. प्रवाशाच्या पतीनं बसचं तिकीट दाखवलं, आमच्या ऑफिसनं पाहिलं, असं त्यात होतं. मी रडायच्या बेतात होते, तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "हे मी काउंटरवर पाठवतो. पण शेवटचा निर्णय तिथल्या अधिकाऱ्याचा. मी शब्द देऊ शकत नाही."

लाइन तुटली. मी ऐकलं तसं सगळं आबांना सांगितलं, शेवटचं वाक्यसुद्धा. ते न सांगता चाललं असतं, पण मी सांगितलं. 

"म्हणजे नक्की नाहीच," आबा म्हणाले.

तेव्हा अक्का ओट्यावरून उठून आत आली. एरवी व्याह्यांपुढे ती पदर सावरून भिंतीशी उभी राहायची. त्या दिवशी थेट आबांसमोर आली.

"ते तिकीट कोठलं शे?"

"पुढच्या गावाचं, अक्का," मी म्हटलं. "मोशीचं. त्यांच्या घरचं."

"मग पुढलं चालस," ती आबांना म्हणाली. "मांगलं नको. जाऊ द्या पोरले. नहीं बसाडं इमानमा, तर मी जासु मम्बईले लेवाले. मी मुराळी."

दुकानात कुणी हसलं नाही. सत्तरीच्या पुढची ती बाई मुंबईच्या दिशेला कधी चाळीसगावच्या पलीकडे गेलेली नव्हती. आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग नानांना म्हणाले, "नाना, सामान बांधा. गाडीची वेळ होईल."

मुंबईच्या काउंटरवर माझ्या नावाला तो टेलेक्स टाचलेला होता. अधिकाऱ्यानं तो वाचला, तिकीट उलटसुलट केलं, फाटलेल्या पानाच्या जागी बोट फिरवलं. तिथे हळद लागली होती. ती त्याच्या बोटाला लागली. त्यानं बोट रुमालाला पुसलं आणि विचारलं, "घ्यायला कोण येणार?"

"माझे पती."

त्यानं तिकिटावर शिक्का मारला.

नैरोबीला तुमचे आजोबा कठड्यापलीकडे उभे होते आणि ते बसचं तिकीट त्यांनी डोक्यावर धरलं होतं. अंमलदारानं तेही पाहिलं आणि मला सोडलं. बसनं आम्ही गेलोच नाही. मित्राची मोटार बाहेर उभी होती.

अक्का त्यानंतर दोन पावसाळे जगली. मी तिला पुन्हा भेटले नाही. धुळ्याचं घर विकलं, शेठजींच्या दुकानाच्या जागी आता बँक आहे. तुमचे आजोबाही गेले. ते न वापरलेलं बसचं तिकीट माझ्याकडे आहे. शाई फिकी झाली आहे, पण मोशी हे नाव वाचता येतं.