रेघेखालचं वाक्य

माझे धाकटे दीर किल्ल्या करतात. चौकात हातभर रुंदीचं दुकान, आत किल्ली कापायचं यंत्र, भिंतीवर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या आणि दाराशी एक काळा फळा. गेली एकोणीस वर्षं त्या फळ्यावर ते रोज बातम्या लिहीत आले. वर तीन बातम्या, मग पट्टी लावून आखलेली रेघ, आणि रेघेखाली स्वतःचं मत. त्याखाली सही. सही नसेल तर ते मत नाही, कुजबुज आहे, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी सातला फळा पुसायचा, आधी नाही.

मतं मात्र लांबलचक. 'या नटीचा घटस्फोट हा तिचा व तिच्या नवऱ्याचा प्रश्न असून, आपण प्रथम आपापल्या घरातील अबोला संपवावा, असे आमचे नम्र मत आहे.' मंत्र्यांनी पक्ष बदलला, तेव्हा तर खाली जागा पुरली नाही, वाक्य फळ्याच्या चौकटीवर गेलं. लोक थांबून वाचायचे, हसायचे, किल्ली घेऊन जायचे.

वर्तमानपत्रं माझ्याकडची. वाचून झाली की मी ती दुकानात पोचवते आणि वर दहा मिनिटं व्याख्यानही देते. कॉलेजात राज्यशास्त्र शिकले आहे आणि ते वाया जाऊ द्यायची माझी तयारी नाही.

त्या दिवशी पहिल्या पानावर एक सिनेनट होता. सरकारी इस्पितळाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन त्याच्या हस्ते झालं होतं. दीर खडू धरून नुसते उभे. अंगात कणकण होती.

"आज काही सुचत नाही, वहिनी."

"त्यात सुचायचं काय आहे, भाऊजी? लिहा. नटाला हार, आजाऱ्यांना तीन तास ऊन."

आदल्या रात्री जेवताना त्यांच्याच मुलाने, माझ्या पुतण्याने, सांगितलं होतं. तो त्या इस्पितळात डायलिसिसची यंत्रं चालवतो, म्हणजे चालवायचा. नटाच्या गाड्या आत येईपर्यंत रक्त शुद्ध करायला आलेली माणसं फाटकाबाहेर उन्हात बसवून ठेवली होती. त्यात एक बाई कोसळली. हे सांगताना पोराचा घास हातातच राहिला होता.

दिरांनी लिहिलं. सही केली.

त्या तीन तासांबद्दल एक अक्षर कुठल्याही वर्तमानपत्रात नव्हतं. मी दोन वाचते, मला ते कळायला हवं होतं. फळ्याचा फोटो दुपारपर्यंत सगळीकडे फिरला. चार वाजता नगराध्यक्षांचा माणूस आला. मी दुकानातच होते.

"काका, पुसा ते."

"सातला पुसतो."

"आत्ता पुसलंत तर हात झिजतील का?"

"एकोणीस वर्षं सातलाच पुसतोय. तुमच्या साहेबांच्या कौतुकाचं होतं, तेही सातलाच पुसलं."

तो हसला. "तीन तास हे कुणी मोजलं हो, काका? मुलगा तिथेच आहे ना तुमचा?"

मी वर्तमानपत्राची घडी घालत बसले. एरवी माझं तोंड बंद करायला चार माणसं लागतात.

पुतण्याची नोकरी कराराची. दर वर्षी कागद नवा व्हायचा, आणि तो व्हायला अकरा दिवस उरले होते. अधीक्षकांनी त्याला बोलावून सांगितलं, वडिलांना माफी मागायला सांग, मग बघू.

"बाबा, मी तुम्हाला घरात सांगितलं होतं," तो एवढंच म्हणाला.

माझ्याकडे दिरांनी पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर मी बोलले असते, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खोटं आहे ते.

दुसऱ्या दिवशी रेघेखाली माफी होती. 'सदर मजकूर ऐकीव असून, त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' ऐकीव म्हणताना त्यांनी स्वतःच्या पोराला खोटं पाडलं आणि खाली सही केली. माफीचाही फोटो निघाला. अकराव्या दिवशी इस्पितळात पुतण्याच्या जागी दुसऱ्याच मुलाचा कागद झाला.

मग मला कंठ फुटला. पुतण्या बॅग भरत होता, दूरच्या एका गावी खाजगी इस्पितळात जायला. मी दारात उभी राहिले.

"ते वाक्य माझं होतं."

"माहीत आहे, काकू. बाबांचं वाक्य एवढ्यात संपतं का?"

"मग तिथे सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? बाबांचं नाही, काकूचं आहे? घर तेच ना." त्याने चेन ओढली, ती अडकली, पुन्हा ओढली. "तुझं बरोबरच होतं, काकू. बाबांचंही बरोबर. फक्त मला कुणी विचारलं नाही."

"चुकलं माझं."

"ती बाई पुन्हा आली नाही," तो म्हणाला. "डायलिसिसचा वार चुकवायची नाही कधी. तिच्या घरी जाऊन बघणार होतो. आता कुठलं जमायला."

पत्ता मी मागून घेतला. दुसऱ्या दिवशी गेले. घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, आठवडा झाला बाई वारल्या त्याला, घरची माणसं गावी गेलीत, तुम्ही कोण त्यांच्या?